खेळण्यातल्या आगगाडीची मोटर बदलताना

सेलवर चालणारी आगगाडी बंद पडली की घरातलं कुणीतरी मोठं माणूस निकाल देऊन मोकळं होतं, "मोटर गेली." मग गाडी माळ्यावर जाते, नाहीतर भंगारात. मी मिरजेत खेळणी दुरुस्त करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांची मोटर ठणठणीत असते. बिघाड असतो सेलच्या पत्र्यांवर, स्विचमध्ये, चाकांच्या दांडीला, म्हणजे एक्सलला, गुंडाळलेल्या केसांत, आणि फार वेळा मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे तिच्या फिरत्या दांडीवर, बसवलेल्या इवल्याशा दातेरी चाकात. हे चाक म्हणजे पिनियन. मोटर वीस-तीस रुपयांना मिळते. गाडी धावणार की नाही, हे पिनियन ठरवतं. म्हणून इथे मोटर बदलायची पद्धत सांगताना बराचसा वेळ मी पिनियनवरच घालवणार आहे.

माझं माहेर शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करणारं, म्हणजे आतल्या तारेचे वेढे नव्याने भरणारं. तिथे मोटर उघडण्याआधी मीटर लावायचा हा दंडक होता, आणि मुठीत मावणाऱ्या मोटरलाही मी तोच लावते.

आधी सेल, मग बाकीचं

पहिला संशय सेलवर घ्या. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारा साधा झिंक-कार्बन सेल गाडीत दमतो, कारण घड्याळाला लागणारा करंट नगण्य असतो आणि धावत्या गाडीची मोटर अर्ध्या अँपियरच्या आसपास ओढते. मल्टिमीटरवर सेल नुसता मोजलात तर १.४ व्होल्ट दिसतील आणि सेल चांगला वाटेल. तसं मोजू नका. सेल गाडीतच ठेवा, स्विच चालू करा, चाकं फिरत असताना किंवा फिरायची धडपड करत असताना सेलच्या दोन टोकांवर मीटर धरा. आकडा एका व्होल्टच्या खाली घसरला तर तो सेल या कामाचा राहिलेला नाही. त्याच्या जागी अल्कलाइन सेल घाला किंवा निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचाच असतो, त्यामुळे गाडी किंचित हळू धावते. पण करंट देण्यात तो कमी पडत नाही आणि शेवटपर्यंत वेग जवळजवळ एकसारखा राहतो. रोज खेळणाऱ्या मुलाच्या घरी मी तोच सुचवते.

एक मात्र कधीही करू नका. हुबेहूब पेन्सिल सेलच्या मापाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल बाजारात मिळतो. तो गाडीत बसतो, गाडी सुसाट सुटते आणि वळणावर उडते. चाक अडकलं तर दीड व्होल्टसाठी बांधलेल्या मोटरमधून इतका करंट जातो की वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेढे, जळतं आणि प्लास्टिक मऊ पडतं. मुलांच्या हातातल्या वस्तूत हा सेल नकोच.

सेलच्या पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळलेला आहे. हातात मोजे घाला. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीवर लिंबाचा एखादा थेंब घेऊन पुसा, मग पाण्याने ओलसर काडी फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. पत्रा काळाच राहिला तर बारीक पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा. स्प्रिंग गंजून तुटायला आली असेल तर ती बदलाच, नुसती घासून फार दिवस निभत नाही.

मग गाडी उलटी धरून एक्सल बघा. सतरंजीचे धागे आणि लांब केस चाकाच्या आणि बॉडीच्या मधल्या फटीत असे घट्ट गुंडाळले जातात की बाहेरून दिसतही नाहीत. टोकदार चिमट्याने एकेक ओढून काढा. याने मोटर वाचते. एक्सल जाम असताना स्विच चालू राहिला की १३० मापाची मोटर दोन अँपियरच्या वर करंट ओढते, आणि तो सगळा उष्णतेत जातो.

मोटर खरोखर गेली का?

गाडी उघडा आणि एक चांगला सेल घेऊन दोन वायरींनी थेट मोटरच्या दोन पायांना लावा. स्विच, पत्रे, मधल्या वायरी सगळं वगळलं गेलं. मोटर जोरात फिरली तर ती निर्दोष आहे, बिघाड वाटेत आहे. फिरली नाही, तर सेल लावून ठेवूनच शाफ्टला नखाने हलकेच टिचकी द्या. टिचकीने सुरू झाली आणि थांबवून पुन्हा लावली की कधी सुरू होते कधी नाही, असं असेल तर आतला कम्युटेटर (शाफ्टवरची तांब्याच्या पाकळ्यांची कडी, तिच्यातून फिरत्या वेढ्यांना वीज मिळते) किंवा वाइंडिंग खराब आहे.

हे नेमकं कळायला मीटर ओहमवर ठेवा. या मोटरचा रोध फार कमी, साधारण पाऊण ते दीड ओहम असतो. त्यामुळे आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय आकडा येतो तो बघा आणि वजा करा. आता पिना मोटरच्या पायांना धरून शाफ्ट अगदी सावकाश फिरवा. आतल्या आर्मेचरला, म्हणजे शाफ्टसह फिरणाऱ्या भागाला, तीन ध्रुव आणि कम्युटेटरला तीन पाकळ्या असतात, म्हणून आकडा थोडा वर-खाली होत राहील, ते चालतं. पण फिरवता फिरवता एका ठिकाणी आकडा एकदम दुप्पट-तिप्पट झाला, किंवा जोडणीच नाही असं मीटर म्हणू लागला, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी तसं झालं, तर एक वाइंडिंग तुटलं आहे किंवा ती पाकळी जळून खड्डा पडला आहे. ही मोटर बदलायची. एवढ्या छोट्या मोटरला रिवाइंड करण्यात अर्थ नाही, हे मी रिवाइंडिंगच्या घरातली असून सांगते.

किंचाळणारी मोटर मात्र लगेच बदलू नका. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या, कोरडे पडले की ती तशी ओरडते. शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब दोन्ही टोकांना दिला की बहुतेक वेळा गप्प होते.

शेजारचा पहिलीतला मुलगा त्याची गाडी घेऊन आला तेव्हा त्याने बिघाड माझ्यापेक्षा नेमका सांगितला होता: "मावशी, ती आतल्या आत पळतीय, पण चाकं झोपलीत." मोटर फिरते आणि चाकं फिरत नाहीत, म्हणजे पिनियन. उघडून बघितलं तर पांढऱ्या नायलॉनच्या पिनियनला दोन दात्यांच्या मधल्या खाचेत उभी चीर गेली होती, केसाएवढी. भिंगाशिवाय दिसत नव्हती. शाफ्ट आत गरगर फिरत होता आणि पिनियन जागच्या जागी. असं का होतं? पिनियनचं भोक शाफ्टपेक्षा मुद्दाम थोडं लहान ठेवतात, म्हणजे ते दाबून घट्ट बसतं. वर्षानुवर्षं ते प्लास्टिक ताणलेल्या अवस्थेत राहतं आणि जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे, म्हणजे दात्यांच्या मुळाशी, चिरतं.

अशा वेळी फेविक्विक लावायचा मोह टाळा. तो इतका पातळ असतो की शाफ्टवरून ओघळून बुशमध्ये शिरतो, आणि मग मोटरही जाते. शिवाय चीर गेलेलं पिनियन चिकटवलं तरी त्या एका जागी दाते फाकलेले राहतात. दर फेऱ्याला तिथे खट् वाजतं आणि पुढचं गिअर झिजतं.

कुठली मोटर आणायची

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या बहुतेक आगगाड्यांत १३० मापाची मोटर असते. जपानच्या माबुची कंपनीची एफए-१३० ही या मापाची सर्वांत ओळखीची मोटर. त्याच मापात आता कितीतरी जण बनवतात. ओळखायची खूण सोपी आहे: लोखंडी बॉडी, दोन बाजू गोल आणि दोन सपाट, लांबी २५ मिलिमीटर, रुंदी २० आणि सपाट बाजूंमधलं अंतर १५. शाफ्ट २ मिलिमीटरचा. दुकानात जाताना जुनी मोटर सोबत न्याच. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि आता ऑनलाइनही ही मोटर सहज मिळते. गाडी फार लहान, एका बारीक सेलवरची असेल तर आत याहून छोटी मोटर असू शकते. तेव्हा मापानेच शोधा, नावाने नको.

पण माप जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. त्याच बॉडीत वेगवेगळी वाइंडिंग येतात. माबुचीच्या मोटरवर २२७० किंवा १८१०० असा आकडा असतो. पहिला म्हणजे ०.२२ मिलिमीटर जाडीच्या तारेचे ७० वेढे, दुसरा म्हणजे ०.१८ च्या तारेचे १०० वेढे. जाड तार, कमी वेढे म्हणजे कमी व्होल्टेजला जास्त करंट. २२७० ही दीड व्होल्टला मोकळी सोडली तर मिनिटाला ९ हजारांच्या आसपास फेरे घेते. एका सेलच्या गाडीला ही योग्य. १८१०० ही तीन व्होल्टसाठी, म्हणजे दोन सेलच्या गाडीला. सहा व्होल्टची मोटर एका सेलच्या गाडीत टाकली तर ती नुसती कुरकुरते, गाडी डबे ओढत नाही, आणि लोक म्हणतात नवी मोटरही खराब निघाली. उलट एका सेलची मोटर चार सेलच्या गाडीत टाकली तर ती तापून लवकर मरते. दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणाला तरी गाडीत किती सेल आहेत ते सांगा आणि तेवढ्या व्होल्टची मागा.

शर्यतीच्या छोट्या मोटारगाड्यांसाठी याच मापाच्या तगड्या मोटरी मिळतात. मुलं त्याच मागतात. आगगाडीत त्या घालू नका. प्लास्टिकच्या रुळांची वळणं हळू गाडीसाठी आखलेली असतात, डबे उलटतात, आणि सेल एका दुपारीत रिकामा होतो.

जपानला नोकरीनिमित्त राहून आलेल्या मराठी घरांत निळ्या रुळांची 'प्लारेल' गाडी हमखास असते. टोमी कंपनीने हा प्लास्टिकचा रेल्वे-संच १९५९ मध्ये आणला तेव्हा गाडी हाताने ढकलायची होती. मोटरची गाडी १९६१ मध्ये आली. आठ वळणदार रुळांचं एक वर्तुळ होतं. या गाड्या मला फार आवडतात, कारण त्या उघडून दुरुस्त करता येतील अशाच बांधलेल्या आहेत आणि त्यांच्यात १३० मापाचीच मोटर बसते. परदेशातून भाग मागवत बसावं लागत नाही.

उघडताना

बारीक स्टारचा स्क्रूड्रायव्हर लागतो. तो नीट बसणाराच घ्या. लहान स्क्रूची खाच एकदा घसरली की काम दहापट वाढतं. काही खेळण्यांना त्रिकोणी खाचेचे स्क्रू असतात, त्यांचा बिट वेगळा मिळतो. पांढऱ्या कापडावर काम करा, म्हणजे निसटलेला स्क्रू दिसतो. गिअरबॉक्सचं झाकण काढल्या काढल्या, काहीही हलवायच्या आधी, मोबाइलवर वरून आणि बाजूने फोटो काढा. दोन-तीन गिअर एकसारखे दिसतात पण एकाची कडा उंच असते, आणि ते उलटं बसलं की झाकण लागत नाही. वायरींचे रंग कुठल्या पायाला आहेत तेही फोटोत येऊ द्या.

काही गाड्यांत मोटरला वायर नसतेच. पितळी पट्ट्या मोटरच्या पायांवर दाबून बसतात. तिथे सोल्डरची गरज नाही. पट्टी जराशी आत वाकवून तिचा दाब वाढवा आणि टेकण्याची जागा घासून घ्या.

पिनियन काढणं आणि बसवणं

आधी दाते मोजा. एका दात्यावर पेनाने ठिपका द्या आणि तिथून सुरू करा, नाहीतर आठ की नऊ यात घोळ होतो. मग व्हर्नियरने, म्हणजे सरकत्या जबड्याच्या मापपट्टीने, बाहेरचा व्यास घ्या. मॉड्यूल म्हणजे दात्यांच्या आकाराचं माप. खेळण्यांत ०.५ मॉड्यूलचे गिअर फार चालतात, त्यांचं गणित असं: दात्यांत दोन मिळवायचे आणि निम्मे करायचे, तेवढे मिलिमीटर व्यास. आठ दात्यांचं पिनियन ५ मिलिमीटर, दहाचं ६. तुमचं माप यात बसलं तर ०.५ मॉड्यूलचं, तेवढ्याच दात्यांचं, २ मिलिमीटर शाफ्टसाठीचं पिनियन मागा. आठच्या जागी दहाचं बसवून वेग वाढवू म्हणाल तर ते जमत नाही. दोन दाते वाढले की दोन गिअरच्या मध्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरने वाढायला हवं, आणि गाडीच्या साच्यात ती जागा नसते. दाते एकमेकांत रुततात आणि मोटर पहिल्याच दिवशी तापते.

जुनं पिनियन चांगलं असेल आणि फक्त मोटर बदलायची असेल, तर ते न दुखवता काढायचं. पिनियन सरळ ओढून काढणारा छोटा पुलर मिळाला तर उत्तम. नाहीतर दोन पातळ चपटे स्क्रूड्रायव्हर पिनियन आणि मोटरच्या मध्ये समोरासमोर घालून दोन्ही एकाच वेळी हळूच फिरवा. एकाच बाजूने उचकटलं तर शाफ्ट वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट डोळ्याला दिसत नाही, पण गाडी चालताना थरथरते. पक्कडीने दाते धरून ओढणं तर नकोच.

आता सगळ्यात नाजूक जागा. नवं पिनियन बसवताना बरेच जण मोटर टेबलावर उभी ठेवून वरून पिनियन ठोकतात. सगळा दाब आतल्या आर्मेचरवर येतो, आर्मेचर मागे सरकतं आणि प्लास्टिकचं मागचं झाकण किंवा त्यातले कम्युटेटरला टेकून वीज देणारे नाजूक ब्रश वाकवतं. नवी कोरी मोटर फिरायच्या आधीच अधू होते. मोटरच्या मागच्या झाकणाच्या मधोमध बघा, शाफ्टचं मागचं टोक दिसतं. आधार त्या टोकाला द्यायचा, बॉडीला नाही. टोक जरा आत असेल तर त्या भोकात मावेल असा बोथट केलेला खिळा लाकडात ठोकून त्यावर मोटर टेकवा. पिनियन मिनिटभर गरम पाण्यात ठेवून पुसून घ्या, म्हणजे नायलॉन थोडं सैलावतं. मग सरळ रेषेत, हळूहळू दाबा. बेंच व्हाइसचे जबडे सगळ्यात चांगले, हातोडी नको. पिनियन बॉडीला टेकवू नका. जुन्या मोटरवर ते जितक्या अंतरावर होतं तितकंच ठेवा. मी जुन्या मोटरवर ते अंतर मोजून पोस्टकार्डाचे तुकडे तेवढ्या जाडीला लावते आणि ते टेकेपर्यंतच दाबते.

शेवटी शाफ्ट बोटांनी पुढे-मागे हलवून बघा. अगदी थोडी मोकळीक हवी. काहीच हलत नसेल तर पिनियन जास्त आत गेलं आहे.

सोल्डर आणि तेल

२५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पुरे. मोटरचे पाय प्लास्टिकच्या झाकणात रोवलेले असतात, फार वेळ तापवले तर प्लास्टिक वितळून पाय हलतो आणि आतला ब्रश जागा सोडतो. म्हणून वायरीच्या टोकाला आणि पायाला आधी वेगवेगळं पातळ सोल्डर लावून घ्या, मग दोन्ही एकत्र धरून दोन-तीन सेकंदांत काम संपवा. जुन्या मोटरच्या दोन पायांवर पिवळसर चकतीसारखा छोटा कपॅसिटर असेल, त्यावर बहुधा १०४ लिहिलेलं असतं, तर तो नव्या मोटरवर लावाच. ब्रशच्या ठिणग्यांमुळे होणारा विजेचा गोंगाट तो शोषतो. तो विसरला की रिमोटची गाडी मध्येच थांबते किंवा शिट्टीचा आवाज करणारी चिप आपोआप वाजू लागते.

गाडी उलटी धावली तर दोन वायरींची अदलाबदल करा, एवढंच.

नायलॉनच्या गिअरांना सिलिकॉनचं ग्रीस, तेही काडीने दात्यांवर पुसट. घरात आहे म्हणून खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे थंडीत ते गोठतं, आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. मोटरच्या आत, कम्युटेटरवर, तेल जाता कामा नये. ब्रशवर ते काळं चिखलासारखं साचतं.

बंद करण्याआधी

झाकण लावायच्या आधी गिअर बोटाने पूर्ण फिरवून बघा. मग मीटर दहा अँपियरच्या जोडणीवर ठेवून सेल आणि गाडीच्या मध्ये लावा. चाकं हवेत असताना करंट कमी असेल, डबे जोडून रुळावर सोडली की अर्ध्या अँपियरच्या आसपास जाईल. सपाट रुळावर एक अँपियरच्या वर जात असेल तर कुठेतरी काहीतरी घासतंय. मोटरला दोष देऊ नका, परत उघडा. चाकांवरची रबरी रिंग गुळगुळीत किंवा ढिली झाली असेल तर याच वेळी बदला, कारण त्याशिवाय नवी मोटर चाकं फिरवेल पण गाडी चढावर घसरेल.

काढलेली मोटर मुलांना फोडायला देऊ नका. आत दोन वक्र चुंबक असतात, ते ठिसूळ असून त्यांचे धारदार कपचे उडतात. सेलच्या झाकणाचा स्क्रू हरवला असेल तर तशाच मापाचा नवा लावूनच गाडी मुलाच्या हाती द्या. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. पण दुरुस्तीनंतर तो स्क्रू परत लागतो की नाही, हे आपल्याच हातात असतं. बटण सेलवर दिवे किंवा आवाज चालणारी गाडी असेल तर त्या झाकणाबाबत दुप्पट काळजी घ्या. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. तसा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठायचा.

सगळं झालं की मी कागदाच्या एका चिठ्ठीवर तारीख, मोटरचं माप, व्होल्ट आणि पिनियनचे दाते लिहिते आणि ती सेलोटेपने सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवते. पुढच्या वेळी गाडी उघडणाऱ्याला, मग ती मी असो की आणखी कुणी, दुकानात नेमकं काय मागायचं ते तिथेच मिळतं.